पुराची बातमी

अक्षरं गेली तेव्हापासून डॉन अन्सेल्मो लाराल्दे वर्तमानपत्र जास्त वेळ बघायला लागले होते.

हिवाळ्यात एका सकाळी त्यांच्या मेंदूत कुठेतरी एक बारीकशी वाट बुजली. ते उठले तेव्हा बोलणं शाबूत होतं, हातपाय शाबूत होते, घरातलं प्रत्येक माणूस ओळखू येत होतं; फक्त छापलेलं सगळं मुंग्यांची रांग झालं होतं. सही करता यायची, पण केलेली सही त्यांची त्यांनाच वाचता यायची नाही. माँतेविदेओच्या डॉक्टरांनी खांदे उडवून सांगितलं की असं होतं कधीकधी. तेव्हापासून त्यांच्या वर्तमानपत्राचा, 'ला रिबेरा'चा कारभार थोरल्या मुलाकडे, फेर्मिनकडे आला. पहिल्या पानावर संपादक म्हणून नाव मात्र अजून पापांचंच जात होतं.

रोज सकाळी ते अंगणात नीलमोहराखाली वेताच्या खुर्चीत बसत. एका हातात 'माते' या कडवट चहाचा तुंबा, मांडीवर उघडलेलं पान. बघता बघता पान त्यांना नदीकाठच्या शेतांसारखं दिसायला लागायचं, उंचावरून पाहिल्यासारखं. इथे काळी जमीन, इथे मोकळी, इथे एक घर एकटंच. वरून निळी फुलं पडायची, ती त्या शेतांवर पडायची, आणि पापा ती झटकायचे नाहीत.

त्या रविवारीही ते असेच बसले होते. निवडणूक पुढच्या रविवारी होती. नदीवरून गरम, ओलसर वाफ येत होती आणि पलीकडचा अर्जेंटिनाचा किनारा असून नसल्यासारखा झाला होता. धाकटा रामिरो मागच्या बाजूला निखारे सारून मांस भाजत होता. फेर्मिनची बायको ओफेलिया टेबलावर चादर अंथरत होती. लेक देल्मिरा यायची होती, आणि ती आज नुसती जेवायला येणार नाही हे सगळ्यांना ठाऊक होतं.

*

देल्मिरा फाटकातून आत आली तेव्हा तिच्या काखेत आजचा अंक होता. ती बंदरवस्तीतल्या शाळेची मुख्याध्यापिका. जिल्ह्याच्या प्रमुखपदासाठी उभी राहणारी पुएर्तो सेरेनो गावातली पहिली बाई. समोर डॉक्टर एवारिस्तो पेद्रेरा, ज्यांच्या हातावर अर्धं गाव जन्मलं होतं. आज सकाळी बेकरीत पाव घ्यायला गेली तर ओळीतल्या बायका तिच्याकडे बघून गप्प झाल्या होत्या. मग बेकरीवाल्याने हळूच विचारलं होतं, तब्येत बरी आहे ना? तिने काउंटरवरचा अंक उचलला आणि तिला कळलं.

तिने पापांच्या कपाळावर ओठ टेकवले, ओफेलियाच्या हातातली ताटं घेतली, आणि मांस वाढून होईपर्यंत एक शब्द बोलली नाही. मग अंक टेबलावर फेर्मिनसमोर ठेवला.

"हे काय आहे?"

"पेपर आहे," फेर्मिन म्हणाला. "सावकाश जेव, गरम आहे."

तो तिच्याशी नेहमीसारखाच बोलत होता, थोडं हसत, थोडं थकून. त्याचं उत्तर तयार होतं आणि त्याने ते मोजूनमापून दिलं. प्रचार सुरू झाल्यापासून डॉक्टरांना जितक्या ओळी तितक्याच तिला. त्यांच्या सभेला वार्ताहर तर तिच्याही सभेला. फोटो दोघांचेही. तिने हवं तर पट्टी घेऊन बसावं. उलट डॉक्टरांची माणसं म्हणतात, पेपर बहिणीचा. आणि तिची माणसं? तिची माणसं तर फोनसुद्धा करत नाहीत, थेट खिडकीवर चिखल फेकतात.

रामिरोने भावाची बाजू घेतली. अंकातला तिचा फोटो त्यानेच काढलेला होता. तो म्हणाला, कॅमेऱ्याला काही मत नसतं. ती त्या क्षणी तशी होती म्हणून तशी आली.

"गांधीलमाशी होती रे," देल्मिरा म्हणाली. "तोंडाशी आली म्हणून मी हात उचलला. तू शेजारीच उभा होतास, हसलास सुद्धा. त्या सभेत किती फोटो काढलेस?"

रामिरोने निखाऱ्यांकडे पाहिलं. बरेच काढले होते. त्यातला कुठला लावायचा ते फेर्मिनने ठरवलं, एवढंच तो म्हणाला, आणि आपण भावाच्या बाजूने सुरुवात करून कुठे येऊन पोचलो हे त्याच्या लक्षात आलं. तो उठून मांस उलटायला गेला, खरं तर उलटण्यासारखं काही उरलं नव्हतं.

*

फेर्मिनला राग आला होता, पण रागाच्या खाली दुसरंच काही होतं आणि ते त्याला नको होतं. तो उठला, अंक उचलून पापांच्या मांडीवर ठेवला. तिला पापांचंच ऐकायचं असतं ना नेहमी, मग पापांनाच विचारू. पापांना तर शब्द दिसतही नाहीत. त्यांना फसवणार कसं?

डॉन अन्सेल्मोंनी चष्मा वर सारला आणि पान हातभर लांब धरलं. जेवण थांबलं. कुठेतरी एक पक्षी पुन्हा पुन्हा तेच म्हणत होता.

वर, डाव्या अंगाला, एक रुंद माणूस होता. पांढऱ्या भिंतीपुढे उभा, खालून पाहिलेला, कपाळावर ऊन. भोवती मुलं. तो पानाच्या आत बघत होता, घरच्या ओसरीवरून अंगणात बघावं तसा. त्याच्याभोवती मोकळी जागा होती. पापांना तो माणूस आवडला. कोण आहे ते ओळखलंही, एवारिस्तो, दाढी केलेली बरी. मग नजर हळूहळू खाली उतरली. खाली गर्दी होती, काळी काळी, दाटीवाटीची. एक बस कलंडली होती, चाकं वर. आणि बसला चिकटूनच, पानाच्या अगदी कडेला, एक बाई. तोंड उघडं, हात वर, डोळे पानाबाहेर कशाकडे तरी लागलेले.

पापा कितीतरी वेळ तिच्याकडे बघत राहिले.

"बिचारी," ते म्हणाले. "हिचं कोण गेलं त्या बसमध्ये?"

ओफेलियाने हातातला चमचा आवाज न करता खाली ठेवला.

"सासरची नाही ना आपल्या कुणाच्या?" पापांनी विचारलं. "चेहरा पाहिल्यासारखा वाटतो."

"मी आहे ती, पापा," देल्मिरा म्हणाली.

त्यांनी पानाकडे पाहिलं, मग तिच्याकडे, मग पुन्हा पानाकडे. त्यांचा अंगठा त्या उघड्या तोंडावर फिरला. ते खाकरले, आणि डोळे हल्ली साथ देत नाहीत म्हणाले. पण डोळ्यांचा दोष नाही हे त्या टेबलावरच्या प्रत्येकाने पाहिलं होतं.

*

ओफेलिया या घरात आली तेव्हापासून 'ला रिबेरा'चे शब्द तपासत होती. मथळे तीच बसवायची. नवऱ्याविरुद्ध ती चारचौघांत कधी बोलली नव्हती. देल्मिराशी तर तिचं जुनं काहीतरी होतं, सासूच्या आजारपणातलं, जे दोघींनी कधी बोलून मिटवलं नव्हतं. म्हणून ती बोलायला लागली तेव्हा फेर्मिनला आधी वाटलं, ती विषय बदलते आहे.

ती पापांना वाचून दाखवत होती. डॉक्टरांनी योजना मांडली. देल्मिराने दावा केला. डॉक्टरांनी वस्तीला भेट दिली. देल्मिरा वस्तीत शिरली. ते डॉक्टर पेद्रेरा, आणि ती नुसती देल्मिरा, शेजारच्या मुलीला हाक मारावी तशी. त्यांच्या सभेला नागरिक जमले, हिच्या सभेला गर्दी झाली. वाचताना तिचा आवाज अगदी सपाट होता.

"ओळी सारख्या आहेत," ती शेवटी म्हणाली. "फेर्मिन खोटं नाही सांगत. पण शब्द मी बसवलेत, आणि मला कुणी सांगितलं नव्हतं असं बसवायला. आपोआप बसत गेले. आत्ता मोठ्याने वाचल्यावर ऐकू आलं."

देल्मिराने तिच्याकडे पाहिलं. कितीतरी वर्षांत तिने भावजयीकडे असं बघितलं नव्हतं. रामिरो निखाऱ्यांपाशी पाठमोरा उभा होता. फेर्मिनला एकदम जाणवलं की टेबलाच्या या बाजूला आता तो एकटाच आहे.

"थांबा," तो म्हणाला, आणि घरात गेला.

तो परत आला तेव्हा त्याच्या हातात जुन्या अंकांचा बांधलेला गठ्ठा होता, जाड पुठ्ठ्याचा, कोपरे उंदरांनी कुरतडलेले. पान कुठलं ते त्याला शोधावं लागलं नाही. त्याने तो गठ्ठा पापांपुढे उघडला, पिवळ्या कागदाचा वास सगळ्या टेबलावर पसरला, आणि त्याने फक्त एवढंच विचारलं, "आणि हे, पापा? हे कुणाच्या बाजूचं आहे?"

*

पापांना आता झोप यायला लागली होती. ऊन पानांतून गळून त्यांच्या गुडघ्यांवर हलत होतं. त्यांना पानभर पाणी दिसलं. उंचावरून पाहिलेलं गढूळ पाणी, रस्त्याच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत, आणि पाण्यावर तरंगणाऱ्या काळ्या टिकल्या, ओंडके असतील किंवा वाहून आलेली संत्री. ते पाणी वळणावर एका दाराला धडकत होतं. खाली एका चौकटीत एक कुटुंब बसलं होतं, दिव्याजवळ, बाप लिहितोय, बाई शिवतेय, मुलगी वडलांच्या खुर्चीला टेकलेली.

"पूर आलाय," ते म्हणाले. "कुठल्या सालचा हा? फार वर आलंय पाणी. या लोकांनी घर सोडलं का वेळेवर?"

"पूर नाही तो," फेर्मिन म्हणाला.

"मग?"

"माणसं आहेत. संत्र्याच्या कारखान्यातली, संपावरची. तुम्ही जकातघराच्या छतावरून फोटो घेतलात. खाली आहेत ते कारखान्याचे मालक. मथळ्यात शब्द आहे 'लोंढा'. पेपर आपला आहे, पापा. पान तुम्ही लावलंत." त्याचा आवाज आता चढलेला नव्हता, उलट पडला होता. "मी शिकलो ते कुठे शिकलो असं वाटतं तुम्हाला?"

देल्मिराला ते छत आठवलं. पापांनी तिला खांद्यावर घेऊन वर नेलं होतं. तिथे कबुतरं होती, आणि खालून येणारा आवाज समुद्रासारखा होता, आणि ती आनंदाने खाली हात हलवत होती. खाली कुणी वर पाहिलं होतं का? तिला चेहरे आठवेनात. तिच्याही आठवणीत ते पाणीच होतं. मग तिला आठवलं की त्या दिवशी शिडी धरायला फेर्मिनला खाली ठेवलं होतं, आणि उतरल्यावर त्याने विचारलं होतं, काय दिसलं. तिने सांगितलं नव्हतं.

डॉन अन्सेल्मोंनी तळहात पानावर आडवा ठेवला आणि बोटांतून ते बघत राहिले. एका टिकलीवर बोट ठेवलं, जवळ वाकले. टिकलीला टोपी होती.

"मला वाटायचं मी फक्त जे घडलं ते छापलं," ते म्हणाले.

मग म्हणाले, मला आत न्या. रामिरोने त्यांना हाताला धरून नेलं. जेवण तसंच राहिलं.

*

दुपारी घर झोपलं. गावही झोपलं, त्या वाफेत सगळं आपापल्या जागेवरून जरासं सुटून तरंगत होतं, चर्चचा मनोरा, नदीतले मालाचे पडाव, वाळत घातलेले कपडे. देल्मिराला झोप लागली नाही. ती मागच्या संत्र्याच्या झाडांत गेली तर फेर्मिन तिथे आधीच बसलेला होता, बूट काढून, पाय गवतात.

ती त्याच्या शेजारी बसली. मग तो स्वतःहूनच बोलायला लागला. तो फोटो निवडताना त्याच्या मनात वाईट नव्हतं, तो म्हणाला. त्याला भीती होती. गाव म्हणेल, लाराल्द्यांनी पेपरच्या जोरावर लाराल्दे निवडून आणली. म्हणून तो स्वतःला धरून ठेवत होता, आणि धरता धरता रोज थोडा जास्त मागे ओढला गेला.

"एवढंच?" तिने विचारलं.

त्याने गवताची काडी तोडली. "नाही. तू जिंकलीस तर पापांना तूच खरी वाटशील. मी काय, मी पेपर काढतो. तो तर त्यांचाच आहे."

देल्मिराला रागावायचं होतं, पण सकाळपासूनचा राग त्या उन्हात कुठे विरघळून गेला होता. ती म्हणाली की त्या दिवशी छतावरून तिला काहीच दिसलं नव्हतं. नुसतं पाणी. तो वळून तिच्याकडे बघत राहिला. ती काय सांगते आहे हे कळायला त्याला थोडा वेळ लागला.

"मला सुंदर नको करूस," ती उठताना म्हणाली. "उद्यापासून हसरी, फुलं घेतलेली लावलीस तर मी स्वतः येऊन काच फोडेन. बसपासून लांब ठेव म्हणजे झालं. आणि आडनाव लाव."

*

मतदानाआधीचा शेवटचा अंक शुक्रवारचा. आदल्या दुपारी पापांनी फेर्मिनला सांगितलं की मला छापखान्यात ने, हे पान मी लावतो. शब्द दिसत नाहीत हेच बरं आहे. फेर्मिनने गाडी काढली, पण मनातून त्याला ते नको होतं. पान लावायचं टेबल आपलं झालं असं त्याला हल्ली हल्लीच वाटायला लागलं होतं.

पान चिकटवायच्या तिरप्या टेबलापुढे पापांना उंच स्टुलावर बसवलं. रामिरोने दोन्ही उमेदवारांचे सगळे फोटो आणले, स्वतः काही न निवडता, एकूण एक. ओफेलियाने मजकुराच्या पट्ट्या आणल्या. दोघांनाही 'म्हणाले' आणि 'म्हणाल्या' यापलीकडे तिने क्रियापद दिलं नव्हतं, आणि त्यासाठी तिला रविवारपासून स्वतःशी भांडावं लागलं होतं.

पापांनी डॉक्टरांचा फोटो घेतला, ऐकत असतानाचा. लेकीचाही तसाच. दोन्ही शेजारी ठेवले. मग लेकीचा जरा वर सरकवला. मागे रेलून पाहिलं, नाक आकसलं, खाली आणला. पट्टी फिरवली. डॉक्टरांचा उचलून उजवीकडे ठेवला. आता ती आत बघत होती आणि तो बाहेर. त्यांनी उलट केलं. पुन्हा पाहिलं, आणि हात आपोआप तिच्या फोटोकडे गेला, तिच्या बाजूची मोकळी जागा बोटभर वाढवून आला. छापखान्यातला पंखा फिरत होता. पट्ट्या चिकटवायच्या मेणाचा वास येत होता. कुणी घाई केली नाही.

शेवटी त्यांनी दोन्ही हात मांडीवर घेतले.

"मला नाही जमत," ते म्हणाले. "माझा हात तिला वर नेतो. मी थांबवतो, तरी नेतो." मग फेर्मिनकडे न बघता म्हणाले, "तू लाव. तुला कळतंय तुझा हात कुठे जातो ते. मला या वयात आत्ता कळलं."

फेर्मिन पुढे आला. पापा स्टुलावरून उतरले आणि त्याला जागा दिली.

शुक्रवारी पान बाहेर पडलं, आणि दुपारपर्यंत डॉक्टरांच्या कचेरीतून फोन आला की शेवटी बहिणीचीच तळी उचललीत ना. तासाभराने बंदरवस्तीतून कुणी आलं आणि म्हणालं, डॉक्टरांपुढे शेपूट घातलीत. फेर्मिनने दोघांनाही सांगितलं की लिहून द्या, पत्रव्यवहारात छापतो. कुणीच लिहून दिलं नाही.

*

देल्मिरा हरली. फार नाही, पण हरली. बंदरवस्तीने तिला दिलं ते टेकडीवरच्या मोहल्ल्यांनी काढून घेतलं. रात्रभर पाऊस पडून गेला होता आणि सोमवारी सकाळी ती पापांकडे आली तेव्हा अंगणात सगळं निळं झालं होतं, खुर्ची, फरशी, पापांचे खांदे.

अंक त्यांच्या मांडीवर होता. ते बराच वेळ बघत बसले असावेत. तुंब्यातलं पाणी निवलं होतं. ओफेलिया मागे उभी होती, आणि फेर्मिन, जो छापखान्यातून सरळ इथे आला होता, दाराच्या चौकटीला टेकून होता. कुणीही पापांना निकाल सांगितला नव्हता. त्यांनीच सांगू दिला नव्हता. म्हणाले होते, मी बघतो.

"मला कळत नाही," पापा म्हणाले. त्यांनी पान तिरपं केलं, लांब धरलं, जवळ आणलं. "हा माणूस दिसतो, तू दिसतेस. दोघंही आपापल्या जागी. पण या पेपरला कोण हवं होतं ते नाही कळत."

दारातल्या फेर्मिनने मान खाली घातली. त्याने काही केलं असेल तर ते एवढंच होतं, आणि ते करायला त्याला पहाट झाली होती.

"मी हरले, पापा," देल्मिरा म्हणाली.

त्यांनी तिचा हात हातात घेतला आणि काही वेळ तसाच धरून ठेवला. मग तिच्यासाठी शेजारची खुर्ची ओढली.

"वाच मला," ते म्हणाले.

तिने खुर्चीवरची फुलं न झाडता तशीच बसून पान घेतलं आणि वाचायला सुरुवात केली, वर्गात वाचतात तशा स्वच्छ, मोकळ्या आवाजात. गल्लीवार मतं, कुठे कमी पडली, डॉक्टर पेद्रेरा काय म्हणाले, देल्मिरा लाराल्दे काय म्हणाल्या. स्वतःचं हरणं तिने पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं. थांबावं लागेल असा एकही शब्द मधे आला नाही.